फलोदीची खोली, तुर्भ्याची भिंत : प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२५, सोमवार. नौपाडा, ठाणे

काम आज रीतसर हातात आलं. राजस्थानात फलोदीच्या पश्चिमेला एका ढाणीला, म्हणजे छोट्या वस्तीला, लागून पाच खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पावसाच्या पाण्याचं टाकं. कायम राहणारी माणसं आठ: शाळेचे मास्तर, दोन आरोग्यसेविका, बाकी शिकायला येणारी मुलं. काम देणाऱ्या संस्थेने घातलेली अट मला फार आवडली. एसी नको, आणि जे बांधाल ते बघून गावातल्या माणसाला आपल्या घरी तसंच करता आलं पाहिजे.

फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. भारतात आजवर नोंदलेलं ते सर्वांत जास्त तापमान. हा आकडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

ऑफिसचे सर म्हणाले, "भिंती मातीच्या आणि जाड घे, काम झालं." मलाही तेच वाटतं. पहिली रेघ ४५ सेंटिमीटरच्या भिंतीची मारली.

संस्थेचे एक गृहस्थ परवा परत निघाले, त्यांच्या हाती दोन डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारी यंत्रं, दिले. एक तिथल्या जुन्या कोठाराच्या खोलीत राहील (दगड-मातीची भिंत, अर्धा मीटर जाड), दुसरा बाहेर सावलीत. तुर्भ्याला एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटर दादांनी शेडच्या मागची जागा वापरायला दिली आहे. नमुन्याची भिंत तिथे उभी करायची.

१४ मार्च, शुक्रवार

साइटवरून मातीची गोणी आली. लोणच्याच्या जुन्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि चांगलं घुसळून बरणी खिडकीत ठेवली. एका मिनिटात वाळू खाली बसली. अर्ध्या तासाने पोयटा. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गढूळ होतं, मग तळाच्या थरावर सायीसारखा पातळ थर दिसला, ती चिकणमाती. मोजपट्टी लावली: बारा सेंटिमीटरपैकी साडेनऊ वाळू, दोन पोयटा, चिकणमाती जेमतेम अर्धा.

या मातीची वीट वळली तर हातातच भुगा होईल. वाळू हाडं धरते, पण धरून ठेवायला चिकणमाती पंधरा-वीस टक्के तरी लागते. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, गावाच्या नाडीतला, म्हणजे तळ्यातला, गाळ दर उन्हाळ्यात लोक काढतातच, तो चिकट असतो. त्याची गोणी मागवली आहे. गाळ निघाला की नाडीत पाणीही जास्त मावेल. एका फावड्यात दोन कामं होत असतील तर सिमेंटची गाडी मागवण्याआधी तीच करावीत.

१९ मार्च, बुधवार, रात्र

आज भिंतीचं गणित मांडलं आणि ४५ सेंटिमीटरवरचा विश्वास हलला. नीट लिहून ठेवते, पुन्हा याच पानावर यावं लागणार.

बाहेर दिवसभर तापमान वरखाली होतं. मातीच्या भिंतीत ही लाट शिरली की दर ११-१२ सेंटिमीटरला ती साधारण एक तृतीयांशावर येते. ४५ सेंटिमीटर पार करेपर्यंत शंभरातले दोन भाग उरतात, आणि तेही चौदा तास उशिरा पोचतात. दुपारी दोनची आग पहाटे चारला आत येते, तीही विझल्यासारखी. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं.

पण लाट मेल्यावर आत काय उरतं? सरासरी. त्या भागात मे महिन्यात दुपारी ४२ अंशांच्या आसपास, पहाटे २६ च्या आसपास. सरासरी ३४. भिंत कितीही जाड केली तरी खोली ३४ वरच स्थिरावणार, रात्रंदिवस. छत तापलं की त्याहून वर. म्हणजे आठ माणसांना मी अशी खोली देणार होते जी दुपारी बाहेरपेक्षा गार आणि रात्री बाहेरपेक्षा गरम.

ठाण्याचं गणित शेजारी मांडलं. मे महिन्यात दुपारी ३४, पहाटे २७. सात अंशांचा फरक, त्यात साठवण्यासारखं काही नाही. म्हणून आपल्याकडे पातळ भिंत, मोठी खिडकी आणि पंखा. वाळवंटात मात्र सोळा अंशांचा फरक रोज दाराशी येऊन उभा राहतो. तो घरात घ्यायचा कसा, हाच प्रश्न.

सरासरीच्या खाली नेणाऱ्या तीन गोष्टी आहेत. एक, पहाटेची हवा आत खेळवून भिंतीच गार करून ठेवणं. दोन, रात्रीचं आकाश. हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ असलं की छत आपली उष्णता सरळ वर सोडतं आणि हवेपेक्षाही गार होतं. इराणात याच जोरावर यख्चालच्या, म्हणजे जुन्या बर्फघरांच्या, उथळ हौदांत हिवाळ्याच्या रात्री बर्फ धरत. आपल्याकडे दमट, ढगाळ आभाळ ती उष्णता पांघरुणासारखी धरून ठेवतं. तीन, जमीन. काही मीटर खाली ती वर्षभराच्या सरासरीला असते, म्हणजे तिथे २७ च्या आसपास. तेव्हा जमिनीखाली थर्माकोल वगैरे काही घालायचं नाही, फरशी थेट मातीवर.

यातली पहिली गोष्ट आपोआप होत नाही. रात्री कुणीतरी उघडायचं आणि सकाळी कुणीतरी बंद करायचं.

२३ मार्च, रविवार

आईला दुपारी हे सांगत होते. तिचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, माळवदाचं घर. तुळया, वर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती, मधे साणं, म्हणजे छतातलं झरोक्याचं भोक. ती म्हणाली, "यात नवीन काय गं? सकाळी नवाच्या आत दारं ओढून घ्यायची, साण्यावर झाकण ठेवायचं. दिवेलागणीनंतर सगळं सताड उघडायचं आणि आपण वर माळवदावर झोपायला."

मी विचारलं, कोण करायचं हे? "तुझी आजी. तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. दुपारी कुणी दार उघडं टाकलं तर तिला झोपेतही कळायचं."

मग ती गप्प झाली. मला कळलं कशामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि हीच हातभर माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आईच्या गावात त्यानंतर कुणी माळवद बांधलं नाही, आणि का बांधलं नाही हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून जाड भिंतीबरोबर पुढच्या गोष्टी ड्रॉइंगमध्ये आजच घातल्या, खर्चाच्या यादीतून त्या कुणी काढायच्या नाहीत: दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड, जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी, कोपऱ्यांत सळ्या, आणि छतावर मातीचा थर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही.

२९ मार्च, शनिवार. बेलापूर

उद्या पाडवा, ऑफिस अर्धा दिवस. लोकलने बेलापूरला जाऊन चार्ल्स कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज पाहून आले. कोरिया सत्तरच्या दशकात नवी मुंबईचे मुख्य वास्तुविशारद होते. ही वसाहत ऐंशीच्या दशकातली. सात-सात घरं एका आठ मीटरच्या अंगणाभोवती, प्रत्येक घर सुटं, कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. हेतू हा की पुढे ज्याला जसं जमेल तसं त्याने वाढवावं. आज मूळ घरं फार थोडी उरली आहेत, मजले चढले आहेत. पण अंगण कुणी खाल्लेलं नाही. मुलं खेळत होती, एका कठड्यावर कुरडया वाळत होत्या.

त्यांचंच अहमदाबादचं ट्यूब हाउस (१९६१-६२) मात्र आपल्या कामाच्या जास्त जवळचं. लांबट अरुंद घर, उतरतं छत, गरम हवा त्या उतारावरून वर चढून शेंड्याच्या फटीतून बाहेर. पंखा नाही, मोटर नाही. घरी येऊन पाचही खोल्यांचे छेद पुन्हा काढले: थंड हवा खालून, गरम हवा छताला लागून बाहेर.

५ एप्रिल, शनिवार. घणसोली

एका साइटवर फरशीचं काम करणारे मिस्त्रीदादा बाडमेरचे आहेत असं कळलं, म्हणून मुद्दाम गेले. वीस वर्षं इथे, मराठी छान बोलतात. नकाशा पसरला तर त्यांनी आधी वाऱ्याची बाजू विचारली. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, नैऋत्येकडून येते, त्या बाजूला दार काय, भोकही ठेवू नका म्हणाले.

त्यांच्या लहानपणचं घर म्हणजे गोल झोंपा, खींपाच्या काड्यांचं छप्पर. आता गावात सगळे सिमेंटचे ब्लॉक आणि वर दगडाच्या पट्ट्या टाकतात. का, विचारलं. त्यांनी हातातली थापी खाली ठेवली. "ताई, २००६ सालचा ऑगस्ट. कवास गाव पाण्याखाली गेलं. वाळवंटात पूर! खाली जिप्समचा थर, पाणी मुरेना. किती तरी दिवस उभंच राहिलं. मातीची घरं साखरेसारखी विरघळली. त्यानंतर कोण बांधणार माती?"

हे मला नकाशात कुठेच दिसलं नव्हतं. वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचा प्रदेश म्हणून जोतं ३० सेंटिमीटर धरलं होतं. पण तो पाऊस वर्षभरात वाटून येत नाही, चार दिवसांत येतो. जोतं ६० केलं, दगड आणि चुन्यात.

११ ते १६ एप्रिल. तुर्भे

नाडीचा गाळ आला. तीन भाग साइटची माती, एक भाग गाळ, वजनाने पाच टक्के सिमेंट. हाताने दाबायचं यंत्र भाड्याने आणलंय, वीट २४ × २४ × ९ सेंटिमीटर, एकीचं वजन दहा किलोच्या आसपास.

पहिल्या दिवसाच्या सगळ्या विटांचे कोपरे गेले. पाणी जास्त झालं होतं. मग मुठीची परीक्षा लावली: ओल्या मातीचा गोळा दाबून कमरेच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडायचा. पसरट थापी झाली तर पाणी जास्त, भुसा झाला तर कमी, चार-पाच ढेकळं झाली तर बरोबर. फॅब्रिकेटर दादांचा मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा आहे, तो या कामात माझ्यापेक्षा लवकर तरबेज झाला. दुसऱ्या दिवसापासून तो गोळा टाकायच्या आधीच सांगायला लागला, "हा फुटंल बरोबर."

साठ विटा झाल्या. पन्नास किलोच्या एका पोत्यात शंभर विटा निघतात आणि भट्टी लागत नाही. शेजारी मुद्दाम वीस विटा सिमेंटशिवाय, नुसत्या मातीच्या केल्या, तुलनेसाठी.

पाणी मारायचं काम इथे सोपं. हवा दमट, गोणपाट सकाळी भिजवलं की संध्याकाळपर्यंत ओलं. फलोदीत तासाभरात कोरडं होईल आणि सिमेंटला हवं ते पाणी हवाच पिऊन टाकेल. तिथे पहिला आठवडा विटा प्लास्टिकखाली हवाबंद झाकायच्या. हे साइटच्या सूचनांत मोठ्या अक्षरात.

२२ एप्रिल, मंगळवार

पाण्याचा हिशोब. संस्थेतल्या एकांनी कूलरचा आग्रह धरला आहे, आणि आग्रह समजण्यासारखा आहे. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून ऑफिसच्या गच्चीत धरलं: कोरडा ३३, ओला २८. फक्त पाच अंश. तिथे ४२ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता धरली तर ओला थर्मामीटर २२ दाखवेल. वीस अंश! एक लिटर पाणी उडालं की दोन तृतीयांश युनिट वीज जाळल्याएवढी उष्णता घेऊन जातं. वाळवंटात कूलरइतकं स्वस्त यंत्र नाही.

आता पाणी कुठून? छत १५० चौरस मीटर, अंगणातला फरसबंद आगोर, म्हणजे टाक्याकडे पाणी वळवणारी जागा, १००. पाऊस २०० मिलिमीटर, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तर ४०,००० लिटर. आठ माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज पाच लिटरप्रमाणे वर्षाला १४,६०० लिटर. पाऊस निम्मा पडला तरी पिण्याचं पाणी सुटतं. पाच कूलर दहा तास चालले तर रोज ४०० लिटर. भरलेलं टाकं शंभर दिवसांत रिकामं, आणि ते शंभर दिवस नेमके उन्हाळ्याचे, जेव्हा टँकर मिळत नाही.

कूलर नाही. मी स्पष्ट लिहून कळवलं. आजारी माणसासाठी एका खोलीत एक, टँकरच्या पाण्यावर, एवढीच सूट. उत्तरेच्या सावलीत मडक्यांसाठी परिंडा, तिथून हवा स्वयंपाकघरात येईल.

हेच २५० चौरस मीटर ठाण्यात असते तर अडीच हजार मिलिमीटरच्या हिशोबाने पाच लाख लिटर झालं असतं. आमच्या इमारतीच्या छतावरून ते दरवर्षी सरळ गटारात जातं आणि मे महिन्यात आम्ही टँकरला पैसे देतो. सोसायटीच्या बैठकीत हा कागद नेणार आहे.

सांडपाण्याचं एक राहिलं होतं. जैसलमेरचा किल्ला ११५६ पासून उभा आहे, आणि गेल्या काही दशकांत त्याला धोका आला तो नळाच्या पाण्यामुळे. घरोघर नळ आले, गळती खालच्या मऊ थरांत मुरली, बुरूज खचले. आपल्या मोरीचं पाणी जोत्यापासून चार मीटर लांब, खेजडी आणि कैर या झाडांच्या आळ्यात.

२ मे, शुक्रवार

छत ठरलं. इजिप्तमध्ये हसन फाथींनी न्यू गुर्ना गावात, १९४०च्या दशकात, नुबियन कारागिरांकडून मातीच्या विटांच्या कमानी बांधून घेतल्या. खाली लाकडाचा साचा लागत नाही, विटा मागच्या भिंतीला तिरक्या टेकवत पुढे यायचं. लाकूड नसलेल्या मुलखासाठी याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही. मला ते फार करायचं होतं. पण ती कमान उचलणारा हात फलोदीत नाही आणि जोधपूरचा दगड शेजारी आहे. गावातला गवंडी डोळे मिटून पट्टी बसवतो. पट्ट्यांचंच छत: वर दहा सेंटिमीटर माती, त्यावर चुन्याचा कोबा, दरवर्षी दिवाळीनंतर पांढरा हात.

वाऱ्याचा मनोराही सोडला. इराणातल्या याझ्दमधले बादगीर, म्हणजे असेच मनोरे, मी फोटोत तासन्तास पाहिले आहेत, दौलताबाद बागेतला तर ३३ मीटर उंच. पण मिस्त्रीदादांची लू आठवली. वाळू आणि ४५ अंशांची हवा मनोऱ्यातून खोलीत ओतून घ्यायची नाही.

१० मे, शनिवार

सीमेवरच्या परिस्थितीमुळे या आठवड्याचं जाणं रद्द झालं. मास्तरांशी आज नीट बोलणं झालं. सगळे सुखरूप. दोन-तीन रात्री दिवे बंद, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून लोकांनी खिडक्यांना गोधड्या लावून घेतल्या होत्या. मास्तर जुन्या कोठाराच्या खोलीतच झोपत होते. त्यांनी लॉगरचे आकडे पाठवले.

त्या रात्री खोली गार झालीच नाही. पहाटे सहाला बाहेर २६, आत ३३.५. त्याआधीच्या आठवड्यात, खिडक्या उघड्या असलेल्या रात्री, त्याच वेळी आत ३० होती. तीच भिंत, तेच छत. फरक फक्त गोधडीचा.

त्यांना विचारलं, एरवी रात्री खिडक्या उघड्या ठेवता का? म्हणाले, "हिंमत होत नाही मॅडम. विंचू, साप, कुत्री. आंधी आली तर तोंडात वाळू. बायकामुलं असतील तर कोण उघडी ठेवेल?"

दोन महिने मी भिंत मोजत होते, आणि माणूस रात्री खिडकी का लावतो हे विचारायला आज सुचलं. खिडकीकडून ही अपेक्षा करायचीच नाही. हवेसाठी वेगळी वाट हवी.

१५ मे, गुरुवार. तुर्भे

वेगळी वाट अशी. प्रत्येक खोलीला दोन भोकं, ३० × ४५ सेंटिमीटर. एक उत्तरेला, जमिनीपासून हातभर वर, आडव्या सळ्या आणि विंचू शिरणार नाही एवढी बारीक जाळी. दुसरं समोरच्या भिंतीत छताला लागून, दगडाच्या जाळीचं. उंचीत २.४ मीटरचा फरक. रात्री आत-बाहेर पाच अंशांचा फरक पडला की वारा नसतानाही खोलीतली हवा तासाला पाचेक वेळा बदलेल. दोन्हींवर आतून लाकडी झडप, वरची दोरी आणि कप्पीवर.

आज नमुन्याच्या भिंतीत वरची झडप बसवली. दादांनी बिजागरीऐवजी लोखंडी सळईचा आस दिला, तो वाळूने अडकणार नाही. दोरी ओढली, झडप उघडली. सोडली, आपल्या वजनाने मिटली. त्यांच्या मुलाने वीस-पंचवीस वेळा ते करून पाहिलं.

२७ मे, मंगळवार. तुर्भे

काल मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. एरवीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आलेला नव्हता. भिंतीवरचं पत्र्याचं छप्पर पुढच्या आठवड्यात टाकायचं ठरलं होतं. ही चूक माझी. मेमध्ये आधीही पाऊस पडून गेला होता, तेव्हाच टाकायला हवं होतं.

सकाळी ठाण्याहून लोकल रखडत रखडत आली, शेडच्या मागे गेले तेव्हा घोट्यापर्यंत पाणी.

बिनसिमेंटच्या वीस विटांची चळत नव्हतीच. जागेवर एक लालसर, गुळगुळीत ढीग, वर पावसाने पाडलेले खड्डे. त्यात बोट घातलं तर लोण्यासारखं आत गेलं. मिस्त्रीदादांचा साखरेचा शब्द आठवला. शेजारची सिमेंटची भिंत उभी होती. ओळंबा लावला, दोन मीटरला तीन मिलिमीटर, तेवढी ती आधीपासूनच होती. पण खालचा गिलावा पूर्ण उतरला होता. वरून पडलेल्या पाण्याने नव्हे, जमिनीवरून उडालेल्या शिंतोड्यांनी. ओल चार थरांपर्यंत चढली होती.

झडप फुगून चौकटीत घट्ट बसली. दोन जणांनी ओढूनही हलली नाही. फलोदीत ती उलट आक्रसेल आणि फटीतून वाळू येईल. चौकट आणि झडपेत पाच मिलिमीटर सैल, कडेला नमद्याची पट्टी.

ड्रॉइंगमधले बदल: जोत्याच्या वर आणखी ३० सेंटिमीटर दगडच, माती त्यानंतर. छताच्या पन्हळी दगडाच्या आणि भिंतीपासून अर्धा मीटर पुढे, जोत्याभोवती बाहेर उतरती फरशी. वाळवंटातल्या घराला कोकणातल्या घरासारखे पाय द्यायचे आहेत, हे तुर्भ्यात उभं राहून कळलं. दादा म्हणाले, "ताई, आमच्याकडं जोतं सगळ्यात आधी बघत्यात, मगच घर." फोटो काढून मिस्त्रीदादांना पाठवले.

१४ जून, शनिवार

मास्तरांनी जुन्या खोलीत दोन आठवडे प्रयोग केला. पहिला आठवडा नेहमीसारखा: खिडक्या दिवसा उघड्या, रात्री बंद. दुसरा आठवडा उलटा: सकाळी आठला बंद, रात्री नऊला उघड्या, खिडकीत तात्पुरती जाळी ठोकून. बाहेर दोन्ही आठवडे दुपारी ४४-४५. आत दुपारी चारला पहिल्या आठवड्यात सरासरी ३८.६, दुसऱ्यात ३६.१.

अडीच अंश. ३६ अंशांत कुणी आरामात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथली हवा कोरडी असते, पंख्याखाली घाम उडतो, आणि ३८.६ व ३६.१ यांत मुलांना दुपारी झोप लागते की नाही एवढा फरक पडतो. मास्तरांनी तसं लिहिलंच आहे: दुसऱ्या आठवड्यात मुलं झोपली. आणि ही तापलेल्या छताची जुनी खोली आहे. नव्या खोलीवर पांढरं छत आणि दोन झडपा असतील.

आकड्यांत दोन दिवस मात्र विचित्र होते. विचारलं तर मास्तरांनी सरळ सांगितलं, ते विसरले. सकाळी मुलांची गडबड, आठाचे दहा वाजले, तोवर खोली तापून गेली. बाकी पाच दिवस कुणी केलं? स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी. सगळे त्यांना काकीसा म्हणतात. त्या पहाटे साडेचारला चुलीशी असतात, ऊन खोलीच्या उंबऱ्याला लागलं की जाऊन खिडक्या ओढतात. घड्याळ बघत नाहीत.

मला आजी दिसली.

२१ जून, शनिवार. नौपाडा

पाचही खोल्यांच्या झडपांच्या दोऱ्या आता खोल्यांत उतरत नाहीत. भिंतीतल्या नळीतून कप्प्यांवरून सगळ्या स्वयंपाकघराच्या दारालगतच्या पडवीत येतात, पाच खुंट्यांवर, दाराच्या उजव्या हाताला. खालच्या झडपांनाही त्याच दोरीचा फाटा, म्हणजे एकदा ओढलं की दोन्ही उघडतात. खोलीतूनही हवी तेव्हा सोडवता येईल अशी आकडी आहे, रात्री आंधी आली तर झोपलेल्याने कुणाला उठवायला नको.

सर बराच वेळ ड्रॉइंग बघत होते. मग म्हणाले, "खुंटी किती उंचीवर घेतलीस?" मी १६० लिहिलं होतं, आमच्या नेहमीच्या सवयीने. मास्तरांना फोन करून काकीसांचा हात आरामात कुठवर पोचतो ते भिंतीवर खूण करून मोजायला सांगितलं. १३५. एका हातात घागर असली तर? १२०. खुंट्या १२० वर.

या कामाचे वेगळे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, हे संस्थेला लिहिलं आहे. संस्था हो म्हणाली.

दोरी नायलॉनची लिहिली होती. संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला: काकीसा म्हणतात, नायलॉन आमच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत सुटतं, आणि थंडीत हाताला कापतं. उंटाच्या आणि बकरीच्या केसांची दोरी त्यांच्या घरी वळतात, खाटांना तीच असते. किती लांब हवी, तेवढं कळवा.

लांबी मोजली, वळणांसकट ८४ मीटर. यादीत नायलॉनवर रेघ मारून लिहिलं: दोरी, केसांची, ९० मीटर, साइटवर, काकीसा.